कोनाच्या एककांचं रूपांतर: गुणाकार करण्याआधी आकडा ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, एका रेषेचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) ४७.२३३८ असं लिहिलंय, लांबी १०० मीटर. पूर्वेकडचं अंतर काढायला एक्सेलमध्ये त्याचा साइन घेऊन शंभराने गुणलं तर उत्तर उणे १०.९७ आलं. कोणीतरी सांगितलं म्हणून आधी रेडियन केले, तेव्हा ७३.४१ आलं. पण नकाशावर बिंदू पूर्वेकडे ७३.६० मीटरवर आहे. अंश, रेडियन, ग्रॅड, मिल या सगळ्यांची सूत्रं एकदा नीट मिळाली तर हा घोळ मिटेल का?

सूत्रं देतो, पण निव्वळ सूत्रांनी हा घोळ मिटणार नाही. बरीच वर्षं मोजणीच्या कामात काढल्यावर मला असं दिसतं की कोनाचं रूपांतर चुकतं ते गुणाकारात क्वचितच. ते चुकतं समोरचा आकडा कुठल्या एककात आणि कुठल्या पद्धतीने लिहिलाय हे न ओळखल्यामुळे. तुमच्या एकाच ओळीत अशा दोन गोष्टी एकावर एक चढल्या आहेत.

पहिली सोपी आहे. एक्सेल असो, पायथन असो की सी, त्रिकोणमितीची फंक्शनं कोन रेडियनमध्येच घेतात. त्यांनी ४७.२३३८ ला रेडियन समजलं. एवढ्या रेडियनमध्ये सात पूर्ण फेरे होतात आणि वर ३.२५१५ रेडियन उरतात, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या जरा पुढे. तिथे साइन ऋण असतो, म्हणून उणे १०.९७. हातातल्या कॅल्क्युलेटरवर असाच संशय आला तर ३० चा साइन काढून बघा. ०.५ आलं तर तो अंशात आहे, उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये, ०.४५४ आलं तर ग्रॅडमध्ये. पडद्यावरची ती बारीक अक्षरं शोधण्यापेक्षा हे लवकर होतं.

दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण तिचं उत्तर खरं वाटतं. तुमचं ४७.२३३८ हे दशांश अंश नाहीतच. ते ४७ अंश, २३ मिनिटं, ३८ सेकंद आहेत. मोजणीची बरीच यंत्रं आणि कॅल्क्युलेटर कोन असा लिहितात: बिंदूच्या आधी अंश, नंतरचे दोन अंक मिनिटं, त्यापुढचे दोन सेकंद. टाइप करायला सोयीचं, पण दिसायला हुबेहूब दशांश अपूर्णांक. खरा हिशेब असा: २३ भागिले ६० म्हणजे ०.३८३३३, ३८ भागिले ३६०० म्हणजे ०.०१०५६, सगळं मिळून ४७.३९३८९ अंश. त्याचा साइन ०.७३६०२. शंभर मीटरला ७३.६०. तुमचा नकाशा बरोबर आहे.

फरक ०.१६ अंशाचा, म्हणजे सुमारे साडेनऊ मिनिटांचा. पूर्वेकडे १९ सेंटिमीटर, उत्तरेकडे साडेवीस, आणि बिंदू प्रत्यक्षात २८ सेंटिमीटर सरकलेला. या चुकीचा स्वभाव लक्षात घेण्यासारखा आहे: ती कधीच मोठी होत नाही. मिनिट-सेकंद ५९-५९ असले तरी फरक ०.४०४ अंशाच्या पुढे जात नाही, आणि मिनिट-सेकंद शून्य असतील तेव्हा फरकही शून्य. त्यामुळे आराखडा डोळ्यांना ठीक दिसतो, रेषा योग्य दिशेला जाताना दिसतात, आणि चूक थेट जागेवर खुंटी ठोकताना उघडी पडते. रेडियनची चूक निदान ओरडून तरी सांगते.

मग आलेली यादी कुठल्या पद्धतीची आहे हे कसं ओळखायचं? बिंदूनंतरच्या पहिल्या दोन अंकांकडे बघत खाली या. खरे दशांश अंश असतील तर दहातल्या साधारण चार ओळींत ते अंक ६० ते ९९ मध्ये पडायला हवेत. वीस-पंचवीस कोनांच्या यादीत एकही साठाच्या वर नसेल, आणि त्यापुढच्या जोडीतही नसेल, तर ती मिनिटं-सेकंदच आहेत. योगायोगाने असं होणं जवळपास अशक्य. उलट एक जरी ४७.८१२५ सारखा आकडा सापडला तर ती यादी मिनिट-सेकंदांची असूच शकत नाही. बंद आकृतीचं मोजमाप असेल तर दुसरी कसोटीही आहे: आतल्या कोनांची बेरीज बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणल्याइतकी यायला हवी. चौकोनाला ३६०. काही सेकंदांचा फरक हा मोजणीचा असतो. सुमारे ०.४ अंश किंवा त्याच्या पटीत फरक आला तर तो बहुतेक वेळा लिहिण्याच्या पद्धतीचा असतो.

आता हा आकडा शीटमध्ये फोडायचा कसा, तर इथे एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी लोकही पडतात. सरळ मार्ग म्हणजे पूर्णांक भाग काढायचा, उरलेल्याला शंभराने गुणून पुन्हा पूर्णांक काढायचा, उरलेले सेकंद. कागदावर हे बरोबर आहे. पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ वापरून, साठवतो, त्यामुळे ०.३ सारखी साधी संख्याही त्याच्याकडे किंचित कमी किंवा किंचित जास्त असते. १२.२० मधून मिनिटं काढताना २० ऐवजी १९.९९९९९९ आलं की पूर्णांक भाग १९ होतो आणि उरलेलं जवळजवळ १०० सेकंद म्हणून पुढे जातं. साठ सेकंद गेले, शंभर आले: कोन बरोबर ४० सेकंदांनी वाढला. शंभर मीटरला दोन सेंटिमीटरच्या आसपास. सगळ्या ओळींत नाही, मधल्याच एखाद्या ओळीत, म्हणून शोधायला जिवावर येतं. कुठल्या हिशेबात नेमका ४० सेकंदांचा फरक दिसला की मी आधी हेच तपासतो.

उपाय सोपा आहे. आधी आकड्याला १०,००० ने गुणा आणि लगेच जवळच्या पूर्णांकात पक्का करा: ४७.२३३८ चे ४,७२,३३८. आता शेवटचे दोन अंक सेकंद, त्याआधीचे दोन मिनिटं, उरलेले अंश. सेकंदांचे दशांशही असतील तर अशा प्रत्येक अंकामागे आणखी १० ने गुणायचं. पूर्णांकात आल्यावर किंचित कमी-जास्तीचा प्रश्नच उरत नाही.

उलट दिशेने, दशांश अंशांतून मिनिट-सेकंदांकडे येताना, याच खड्ड्याचं दुसरं तोंड आहे. अंश, मिनिटं आणि सेकंद वेगवेगळे काढून शेवटी सेकंदांचं पूर्णांकन केलं की कधीतरी २९°५९′६०″ असला कोन छापून येतो. म्हणून आधी सगळ्या कोनाचे सेकंद करा, त्यांचं पूर्णांकन करा आणि मगच ६० ने भागत वर चढा. आपल्या कोनाचे १,७०,६१८ सेकंद होतात. ६० ने भागून ३८ उरतात आणि २,८४३ मिनिटं मिळतात. पुन्हा ६० ने भागून २३ उरतात आणि ४७ अंश मिळतात.

ऋण कोनांसाठी आणखी एक. उणे चिन्ह अंशांनाच नाही, मिनिटं आणि सेकंदांनाही लागू असतं. उणे १२°३०′ म्हणजे उणे १२.५, उणे ११.५ नव्हे. आणि अंश, मिनिटं, सेकंद वेगळ्या रकान्यांत लिहिले असतील तर उणे ०°१५′ चं चिन्ह हमखास हरवतं, कारण शून्याला उणे लावलं तरी शीटला ते शून्यच. चिन्हाचा रकाना स्वतंत्र ठेवा, आकडे धन ठेवून हिशेब करा, चिन्ह शेवटी लावा.

आता एककं. यासाठी वेगवेगळी सूत्रं पाठ करण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. एका पूर्ण फेऱ्यात प्रत्येक एकक किती वेळा बसतं तेवढं माहीत असलं की झालं. ३६० अंश, २१,६०० मिनिटं, १२,९६,००० सेकंद. दोन पाय (२π) रेडियन, म्हणजे ६.२८३१८५. ४०० ग्रॅड, ज्याला आता गॉन म्हणतात. खगोलशास्त्रात २४ तास. मिल ६,४००, पण त्याबद्दल खाली बोलू. कोनाला त्याच्या एककाच्या पूर्ण फेऱ्याने भागलं की फेऱ्याचा किती भाग ते कळतं. त्याला हव्या त्या एककाच्या पूर्ण फेऱ्याने गुणलं की उत्तर. आपला ४७.३९३८९ अंशांचा कोन फेऱ्याचा ०.१३१६५ भाग आहे. तोच ०.८२७१८ रेडियन आणि ५२.६५९९ गॉन. सूत्र उलटं लावायचं की सरळ हा गोंधळही यात होत नाही, कारण ज्या एककाचे तुकडे जास्त, त्याचा आकडा मोठा यायलाच हवा.

रेडियनबद्दल थोडं थांबतो. वर्तुळावर त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस घेतला की केंद्राशी होणारा कोन एक रेडियन, ५७°१७′४४.८″. आकडा ओबडधोबड वाटतो, पण फायदा असा की कोन गुणिले त्रिज्या बरोबर कंसाची लांबी, मध्ये कुठलाही गुणक नाही. लहान कोनाचा साइन म्हणजे जवळपास तो कोनच, हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे. ५ अंशांना यातली चूक हजारात सव्वा, १० अंशांना हजारात पाच. संगणकाची फंक्शनं रेडियन मागतात ती याचसाठी, कारण साइनची मालिका रेडियनमध्येच साधी राहते.

या एककाचं हे नाव १८७३ मध्ये बेलफास्टला जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत छापलेलं सापडतं. पण कल्पनेचा उपयोग किती जुना आहे पाहा. इ.स. ४९९ च्या आर्यभटाच्या ज्या-कोष्टकात (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) त्रिज्या ३४३८ धरली आहे. हा आकडा आला कुठून? परीघ २१,६०० कला, म्हणजे कोनाची मिनिटं, त्याला दोन पायने भागलं तर ३४३७.७५. एका रेडियनमध्ये नेमकी तेवढीच मिनिटं असतात. परीघ आणि त्रिज्या एकाच मापाने मोजल्यामुळे कोष्टकातला पहिला कोन २२५ कला, आणि त्याची ज्याही २२५. लहान कोनाची ज्या म्हणजे तो कोनच, हे तिथे उघड दिसतं. कोष्टकातले पहिले आठ फरक मिळवलेत तर ३० अंशांची ज्या १७१९ येते, ३४३८ च्या बरोबर निम्मी. कधीतरी स्वतः बेरीज करून पाहा: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९.

रोजच्या कामात मला याच जातीचा दुसरा आकडा लागतो: २,०६,२६५. एका रेडियनमधले सेकंद. सेकंदांतल्या कोनाला अंतराने गुणून याने भागलं की आडवा सरक मिळतो. एक सेकंद एक किलोमीटरवर ४.८५ मिलिमीटर. एक मिनिट तेवढ्याच अंतरावर २९ सेंटिमीटर, एक अंश साडेसतरा मीटर. यंत्र पाच सेकंदांचं आहे म्हणजे २०० मीटरवर काय अपेक्षा ठेवायची, हे उभ्या उभ्या सांगता येतं: पाच मिलिमीटरच्या आत. खगोलशास्त्रज्ञांचा पार्सेक हाही याच आकड्यातून निघतो. पृथ्वी-सूर्य अंतर जिथून एक सेकंदाच्या कोनात दिसेल ते अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या २,०६,२६५ पट.

ग्रॅड किंवा गॉन हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या दशमान सुधारणांचं अपत्य. काटकोनाचे शंभर भाग. मीटरही त्याच काळात ठरला आणि तो ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर यावं असा ठरला, त्यामुळे एक ग्रॅड अक्षांश म्हणजे शंभर किलोमीटर आणि त्याचा शंभरावा भाग एक किलोमीटर. कागदावर सुरेख जुळणी होती, पण जगाने अंश सोडले नाहीत. युरोपात काही देशांतल्या मोजणीत मात्र गॉन आजही चालतो, आणि खरं सांगायचं तर हिशेबाला तो फार सुखाचा आहे: मिनिट-सेकंदांचं लचांड नाही. रूपांतर करताना अंशांना १० ने गुणून ९ ने भागा. धोका एवढाच की दोन्हींत फरक फक्त एक दशांशाचा, त्यामुळे गॉनमधला कोन अंश म्हणून सहज खपून जातो. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, कुठल्या एककात लावलंय अशी शंका आली तर एकच बिंदू दोन्ही फेसवर (एकदा सरळ, एकदा दुर्बीण उलटवून) पाहा आणि उभ्या कोनाची दोन रीडिंगं मिळवा. उभा कोन थेट डोक्यावरच्या दिशेपासून मोजलेला असेल तर बेरीज ३६० आली की अंश, ४०० आली की गॉन. ही बेरीज तशीही यंत्राच्या तपासणीसाठी करायचीच असते.

मिल हा शब्द दिसला की मी कान टवकारतो. मिलिरेडियन म्हणजे रेडियनचा खरोखर हजारावा भाग, आणि ते पूर्ण फेऱ्यात ६,२८३.१९ बसतात. या आकड्याने तबकडी सारखी विभागता येत नाही, म्हणून नाटो देशांच्या तोफखान्यांनी ६,४०० धरले आणि सोव्हिएत पद्धतीत ६,०००. तिन्हींना लोक मिलच म्हणतात. हजार मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर हा अंदाज तिन्हींत कामचलाऊ आहे, पण ६,४०० वाल्यात तो ९८ सेंटिमीटर होतो आणि ६,००० वाल्यात १०५. कंपास ६,४०० चा आणि दुर्बिणीच्या काचेवरच्या खुणा खऱ्या मिलिरेडियनच्या, असंही असतं. तेव्हा पूर्ण फेरा किती याचं उत्तर मिळाल्याशिवाय मिलचं रूपांतर करूच नका.

आकाशातल्या तासांचं गणित सोपं आहे, एक तास म्हणजे १५ अंश. फक्त तिथलं मिनिट आणि कोनाचं मिनिट वेगळं: वेळेचं एक मिनिट म्हणजे कोनाची १५ मिनिटं, वेळेचा एक सेकंद म्हणजे कोनाचे १५ सेकंद. लिहिताना वेळेसाठी ′ आणि ″ वापरू नयेत, एवढी शिस्त पाळली की पुरे.

चढ टक्क्यांत दिला असेल तर मात्र वरची गुणोत्तराची युक्ती चालत नाही. टक्के म्हणजे टॅन्जंट, कोनाचा भाग नव्हे. १०० टक्के चढ म्हणजे ४५ अंश, आणि ९० अंशांना टक्के अनंत होतात. १० टक्के म्हणजे ५.७१ अंश, २० टक्के ११.३१. लहान चढाला एक टक्का म्हणजे ०.५७ अंश धरलं तर भागतं, त्यापुढे आर्कटॅन (टॅन्जंटवरून कोन काढणारं फंक्शन) घ्यावाच लागतो, आणि तो उत्तर रेडियनमध्ये देतो हे विसरू नये.

अक्षांश-रेखांशांत तिसरीच लिहिण्याची पद्धत भेटते: अंश आणि दशांश मिनिटं. ४७°२३.६३३′ हा आपलाच कोन. हा आकडा ४७.२३६३३ असा कुठे उतरवला गेला की पुन्हा तोच ०.४ अंशापर्यंतच्या चुकीचा खेळ सुरू, आणि जमिनीवर अक्षांशाचा पाव अंश म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. अक्षांशाचं एक मिनिट साधारण एक सागरी मैल, १,८५२ मीटर, एक सेकंद ३१ मीटर. दशांश अंशांचं पाचवं स्थान म्हणजे अंदाजे १.१ मीटर. फोनने दिलेली दहा-दहा दशांश स्थानं पाहून कोणी हुरळून जाऊ नये. रेखांशाला हे सगळं अक्षांशाच्या कोसाइनने कमी होतं.

किती अंक ठेवायचे याचंही यातूनच ठरतं. सेकंदापर्यंत अचूकता हवी असेल तर दशांश अंशांत चार स्थानं पुरतात, चौथं स्थान ०.३६ सेकंदांचं. गॉनमध्येही चार. रेडियनमध्ये मात्र सहा लागतात. तीन स्थानांवर कापलेला रेडियन जवळपास साडेतीन मिनिटांपर्यंत चुकू शकतो. आणि पाय हाताने टाइप करू नका. २२/७ घेतलं तर काटकोनाला सव्वादोन मिनिटांच्या आसपास चूक येते, ३.१४ घेतलं तर पावणेतीन. शीटमध्ये पायचं तयार फंक्शन असतं, ते वापरा.

एक शेवटची गोष्ट एककाची नाही, पण तुमच्या पुढच्याच प्रश्नात येणार म्हणून सांगून ठेवतो. बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. गणितातला कोन पूर्वेच्या अक्षापासून उलट दिशेने. ९० मधून यातला कुठलाही एक कोन वजा केला की दुसरा मिळतो, ऋण आला तर ३६० मिळवायचे. म्हणूनच बेअरिंग वापरताना पूर्वेकडच्या अंतराला साइन लागतो आणि उत्तरेकडच्याला कोसाइन. दोन बिंदूंवरून दिशा काढायचं आर्कटॅन-दोन फंक्शन एक्सेलमध्ये आधी एक्स मागतं आणि पायथनमध्ये आधी वाय. सूत्र एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ही अदलाबदल राहून गेली की दिशा चुकते, आणि ४५ अंशांवर चाचणी केली असेल तर ती चूक दिसतही नाही.

शीट तयार झाली की त्यात तीन कोन घालून बघा: १२.२०००, ३५९.५९५९ आणि उणे ०.१५००. दशांश अंशांत अनुक्रमे १२.३३३३३, ३५९.९९९७२ आणि उणे ०.२५ यायला हवेत. पहिल्याने ४० सेकंदांचा खड्डा कळतो, दुसऱ्याने वरची टोकं, तिसऱ्याने चिन्ह. तिन्ही बरोबर आले की फील्डबुक खुशाल ओता.